त्रेसष्टावा मुलगा

"दार कुठं आहे?" जीपमधून उतरल्या उतरल्या निरीक्षकसाहेबांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. आमच्या सुधारगृहाच्या दगडी कमानीला दार नव्हतं. दोन्ही बाजूंना बिजागऱ्या होत्या आणि त्यांच्या मधून एक शेळी सावकाश आत चालली होती.

"लिंबाखाली आहे," अण्णा म्हणाले. "तेल लावतोय."

अण्णा म्हणजे रघुनाथराव पडवळ, आमचे अधीक्षक. बावीस वर्षं त्यांनी ही नोकरी केली होती आणि या काळात ते कुणावर ओरडले नव्हते. त्यामुळे खात्यात त्यांच्याविषयी संशयाचं वातावरण होतं.

"आज दार काढून ठेवतात," मी माहिती पुरवली. "वर्षातून एकदा. उघडा दिवस."

"आणि मुलं?"

"गेली," अण्णा म्हणाले. "म्हणजे जातायत. काही नाश्ता करून जातील."

निरीक्षक धामणस्करसाहेबांनी कमानीकडे पाहिलं. त्याच वेळी सात-आठ पोरं त्यांच्या शेजारून बाहेर पळाली. त्यांतल्या एकानं जाता जाता साहेबांना नमस्कार केला. वळण चांगलं होतं. पोरगा घरफोडीतला होता.

ही गोष्ट एकाहत्तर सालच्या डिसेंबरची. मी तेवीस वर्षांचा होतो. बी. ए., दुसरा वर्ग, विषय इतिहास. नांदणगावच्या त्या सुधारगृहात शिक्षक म्हणून लागून मला पाच महिने झाले होते आणि समाज सुधारायला आणखी किती दिवस लागतील याचा मी अंदाज घेत होतो. संस्थेचा हीरकमहोत्सव असल्यामुळे अण्णांनी माझ्या गळ्यात संस्थेचा इतिहास लिहिण्याचं काम घातलं होतं.

इतिहास मोठा झकास होता. संस्थापक रावसाहेब घळसासी हे मुळात जेलर. त्यांच्या जेलात गुळाची ढेप चोरणारा अकरा वर्षांचा एक पोरगा आला. जागा नव्हती म्हणून त्याला दरोडेखोरांच्या बराकीत ठेवलं. सहा महिन्यांत पोरगा कुलूप काढायला शिकला, भिंत फोडायला शिकला, साक्ष फिरवायला शिकला. रावसाहेबांनी वर लिहून कळवलं, की सरकारी खर्चानं अशी उत्तम शाळा आधीच चालू आहे, तेव्हा ती बंद पाडायची तर शेजारी दुसरी काढावी लागेल. वरून उत्तर आलं नाही. रावसाहेबांनी राजीनामा दिला, एका जहागीरदाराची मोडकी पागा भाड्यानं घेतली आणि नऊ पोरं घेऊन शाळा काढली. एकोणीसशे अकरा साल. त्या काळी 'सुधारणे' म्हणजे फटके देणे असा सर्वमान्य अर्थ होता.

पुढच्याच वर्षी त्यांनी ही प्रथा सुरू केली. संस्थेच्या वाढदिवशी सकाळी दार उतरवायचं. मुलांनी पाहिजे तिकडे जायचं. संध्याकाळी सहाच्या घंटेला परत. नावं पुकारायची नाहीत, कारण नाव, गुन्हा, कलम हे जेलात रोज पुकारतात. नुसती डोकी मोजायची. आणि मोजणी चालू असताना अधीक्षकांनी मुलांकडे पाठ करून उभं राहायचं. विश्वास दाखवायचा तर पुरता दाखवावा, असं रावसाहेबांचं मत. संख्या पूर्ण भरली की मुलांनीच दार उचलून बिजागरीत बसवायचं.

एकोणसाठ वेळा दार उतरलं होतं आणि एकोणसाठ वेळा संख्या पूर्ण भरली होती. मी जुने अहवाल उलथेपालथे केले. प्रत्येक वर्षी एकच शब्द: 'पूर्ण.' इतिहासाच्या विद्यार्थ्याला इतकी सुबक गोष्ट सहसा मिळत नाही. मिळाली तर त्यानं घाबरायला हवं. मी आनंदलो.

धामणस्करसाहेब ऑफिसात बसले आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढला.

"पडवळ, मी स्पष्ट बोलतो. प्रथा वगैरे छान आहे. पण खात्याला वाटतं, की एखादा मुलगा पळाला तर उत्तर कोण देणार? म्हणून या वर्षी मोजणी मी स्वतः करणार. एक जरी कमी भरला, तरी हा प्रकार कायमचा बंद. भिंत चार फूट वाढवायची, वर काचा लावायच्या. आणि तुमच्या जागी दुसरा माणूस. ऑर्डर टाईप करून आणलीय. फक्त तारीख घालायची राहिलीय."

"बरं," अण्णा म्हणाले. "चहा घ्याल ना?"

साहेबांनी मुलांच्या नोंदी चाळायला घेतल्या आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "लोहकरे भिवा. वय तेरा. सायकलचोरी. याच्याआधी दोन संस्थांमधून पळालाय! पडवळ, याला तरी ठेवून घ्या. माझा सल्ला आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "भिवा यांच्या वर्गात आहे. गुरुजी, काय करू या?"

भिवा त्या वेळी बाहेर दाराला तेल लावत होता. आदल्या दिवशी त्यानं मला सांगितलं होतं, "गुर्जी, जांभळेवाडीला माझ्या ताईला पोरगी झालीया. बघून येतो." जांभळेवाडी नऊ मैल. जाऊन येऊन अठरा. मी मनात हिशेब केला. मग मला वाटलं, की उद्या इतिहासात शेवटचं प्रकरण लिहिताना 'एकाला मात्र कोंडून ठेवले होते' असं लिहावं लागेल, आणि ते वाक्य वाईट दिसेल.

"जाऊ दे," मी म्हणालो. "येईल तो."

इतक्या कमी विचारात इतकी मोठी जबाबदारी मी नंतर फक्त लग्नाच्या वेळी घेतली.

दुपारी चारनंतर पोरं परतायला लागली. मी कमानीपाशी पाटी घेऊन उभा राहिलो आणि एकेकाची रेघ ओढू लागलो. समोर खुर्ची टाकून साहेब बसले होते. पोरं येत होती ती गावाची अर्धी बाजारपेठ खिशात घालून. कुणी बोरं, कुणी भोवरा, एकजण तर कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. साहेबांनी त्याला विचारलं, "हे चोरलंस का?" तो म्हणाला, "नाय साहेब, ह्यानंच माझा पाठलाग केला."

पाच वाजता बासष्टांपैकी छप्पन्न. सव्वापाचला साठ. साडेपाचला एकसष्ट.

मग रस्ता मोकळा झाला. मी रस्त्याकडे पाहत राहिलो. साहेब घड्याळाकडे पाहत राहिले. खिशातलं पेन काढून त्यांनी टोपण उघडलं, निब अंगठ्याच्या नखावर चालवून बघितलं. तारीख घालायला पेन चालू हवं.

"एक राहिला वाटतं," साहेब म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. समाधान होतं.

"सायकलवरून जरा बघून येतो," मी म्हणालो आणि सुटलो.

मी जांभळेवाडीच्या रस्त्यावर ओढ्यापर्यंत गेलो. कुणी नाही. परत गावात वळलो, एस. टी. स्टँड पालथं घातलं. कुणी नाही. पावणेसहाला पेठेतून बेभान सायकल हाणताना कुणीतरी माझं हँडल धरलं.

ते माळवदे मास्तर होते, पेठेतले शिंपी. मुलांचे गणवेश तेच शिवत. वय साठीकडे झुकलेलं, गळ्यात टेप, कानावर खडू.

"किती कमी, गुरुजी?"

"एक. पण तुम्हाला कसं...?"

"उंची सांगा."

"काय?"

"पोराची उंची, गुरुजी! वेळ नाही. माझ्या खांद्याला लागतो का छातीला?"

"खांद्याच्या... जरा खाली."

मास्तरांनी दुकानात वाकून पेटी उघडली. आत गणवेशाचे तीन जोड होते. लहान, मधला, मोठा. इस्त्री केलेले, घडीत डांबराच्या गोळ्या. त्यांनी मधला उचलला आणि आत हाक मारली, "मुरल्या! पुस्तक ठेव. कापडं बदल."

मुरलीधर म्हणजे त्यांचा नातू. गावच्या हायस्कुलात पहिला नंबर, हस्ताक्षराचं बक्षीस. तो असा काही आनंदानं बाहेर आला, की जणू त्याची वर्णी नाटकात राजाच्या भूमिकेसाठी लागली होती.

"मास्तर," मी म्हणालो, "हे काय चाललंय?"

"हे साठ वर्षं चाललंय. अकरा वेळा एखादं पोर उशिरा राहिलं. त्या दिवशी गावातनं एक जायचं, रांगेत उभं राहायचं, मोजणी झाली की स्वैपाकघराच्या दारानं बाहेर. आणि खऱ्या पोराला आम्ही दोन दिवसांत हुडकून आणायचो. अकराच्या अकरा आणले. कुठला राहिला नाही."

"म्हणजे ते सगळे 'पूर्ण'..."

"पूर्णच की! जरा उशिरानं. सव्वीस सालचा उशिराचा तर मीच." मास्तर नातवाच्या सदऱ्याची बटणं लावत होते. "चार दिवस कोल्हापूरला कुस्त्या बघत होतो. गावच्या तांबोळ्यानं कान धरून आणला."

माझा इतिहास डोळ्यांदेखत उसवत होता आणि तोही एका शिंप्याच्या हातून.

"अण्णांना ठाऊक आहे हे?"

मास्तरांनी जीभ चावली. "छे छे! त्यांना कळता कामा नये. त्यांचा विश्वास आहे पोरांवर. गुरुजी, विश्वास ठेवायला एक माणूस पुरतो, पण तो सांभाळायला गाव लागतं. चला, पळा!"

मुरलीला पुढच्या दांडीवर घेऊन मी सायकल हाणली. वाटेत तो विचारत होता, "गुरुजी, आत गेल्यावर माझ्या चेहऱ्यावर पश्चात्ताप हवा का?"

स्वैपाकघराच्या दारानं मी त्याला आत सोडला आणि पुढून कमानीत शिरलो, तोच घंटा झाली.

पोरं आवारात रांगेत उभी राहिली. मुरली मधेच घुसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पोरांनी त्याला अशी सवयीनं जागा करून दिली, की मला कळलं: ही पद्धत त्या आवारात सगळ्यांना ठाऊक होती. बी. ए. झालेला मीच एक अडाणी.

अण्णा कमानीकडे तोंड करून, मुलांकडे पाठ करून उभे राहिले. हात मागे बांधलेले. धामणस्करसाहेब पेन्सिलीचं टोक एकेका डोक्याकडे रोखत रांगेवरून चालू लागले. मी त्यांच्या मागे.

"एक, दोन, तीन..."

पकडले जाण्याची भीती होतीच. तरी खोटं कशाला सांगू, मजाही येत होती. साठ वर्षांची लबाडी, आणि आज तिच्यात मीही होतो. पदवीदान समारंभातही मला इतकं भरून आलं नव्हतं.

"एकोणतीस, तीस..." मुरलीसमोर साहेब क्षणभर थांबले. त्यानं छाती पुढे काढली. "...एकतीस."

"साठ. एकसष्ट. बासष्ट."

मी श्वास सोडला.

"आणि त्रेसष्ट," साहेब म्हणाले.

रांगेच्या टोकाला भिवा उभा होता.

अंगात नुसतं बनियन. गुडघ्यापर्यंत शेण. कोपर खरचटलेलं, छाती भात्यासारखी वरखाली होणारी. शेतांतून आडवाटेनं येऊन, घंटा ऐकताच गोठ्यामागची भिंत चढून त्यानं आत उडी टाकली होती आणि ती थेट उकिरड्यात पडली होती. संस्थेच्या इतिहासात भिंतीवरून आत पळून आलेला तो पहिला मुलगा. पण या सन्मानाची नोंद घ्यायला त्या क्षणी कुणाला सवड नव्हती.

"पडवळ," साहेब म्हणाले, "एक जास्त आहे."

अण्णांची पाठ हलली नाही. "पुन्हा मोजा साहेब. घाईत होतं."

साहेबांनी पुन्हा मोजलं. त्रेसष्टच. कमी भरला तर काय करायचं याची ऑर्डर त्यांच्याकडे टाईप केलेली होती. जास्त भरला तर काय करायचं हे खात्यानं कळवलं नव्हतं. ते चिडले.

"यातला एक बाहेरचा आहे," ते म्हणाले. "बाहेरची मुलं तुमच्या आवारात घुसतात म्हणजे काय प्रकार आहे?"

मग त्यांनी बाहेरचा मुलगा शोधायला सुरुवात केली आणि त्यात त्यांचा फार वेळ गेला नाही. बासष्ट मुलं गणवेशात. त्यांतही मध्ये एक तर अगदी इस्त्रीचा. आणि टोकाला शेणानं भरलेला हा.

"हा कोण?" त्यांनी भिवाकडे पेन्सिल रोखली. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही शिक्षक ना? हा तुमचा आहे का?"

मी भिवाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. अठरा मैल चालून, धावून, भिंत चढून तो आला होता, कारण मी म्हणालो होतो, येईल तो.

मी 'हो' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न होता, मग जास्तीचा कोण? मग मुरली. मग मास्तर. मग पेटी, गणवेश, अकरा पोरं, साठ वर्षं. आणि चार पावलांवर अण्णांची पाठ, जिला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानंतर तारीख.

"अहो, विचारतोय मी. हा तुमचा आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "हा आमचा नाही."

भिवानं मान खाली घातली.

"गावातला दिसतो," मी पुढे म्हणालो. खोटं एकदा सुटलं की उतारावरच्या सायकलसारखं असतं, पायडल मारावं लागत नाही. "गंमत म्हणून घुसला असेल."

"हाकला त्याला. ए पोरा, चल, घरी जा!"

भिवा रांगेतून निघाला. आवार ओलांडताना त्याच्या पायांना लागलेल्या शेणाचे ठसे फरसबंदीवर उमटत गेले. तो अण्णांच्या शेजारून गेला. अण्णा समोरच बघत होते. तो त्या बिनदाराच्या कमानीतून बाहेर पडला आणि रस्त्याला लागला. कुणी त्याला अडवलं नाही. अडवणार कोण? सरकारनंच घरी जायला सांगितलं होतं.

"बासष्ट," साहेब म्हणाले. "पूर्ण." आठ पोरांनी दार उचललं, बिजागरीत बसवलं. खणकन आवाज झाला. पोरांनी आरोळी ठोकली. अण्णा वळले, त्यांनी साहेबांना हात जोडले आणि ते ऑफिसकडे निघून गेले.

मला वाटलं सुटलो. तोच साहेब म्हणाले, "तो लोहकरे कुठाय? मला त्याला बघायचंय."

मी मुरलीकडे बोट दाखवलं. या वेळी विचारही करावा लागला नाही.

साहेबांनी मुरलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नखं पाहिली. कानामागे पाहिलं. "हा? दोनदा पळालेला?" त्यांचा आवाज मऊ झाला. "बाळ, काय चोरलं होतंस तू?"

मुरलीनं माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न आम्ही सायकलवर तयार केला नव्हता.

"कात्री," तो म्हणाला.

"कात्री? इथं तर सायकल लिहिलंय."

आणि मुरली एकदम हुंदका देऊन रडायला लागला. "कात्रीच! आजोबांची मोठी कात्री. मी जत्रेत तिच्या बदल्यात दुर्बीण घेतली. तीन महिने सगळे शोधतायत. मी कुणाला सांगितलं नाही. आजोबांनी उंदरांवर संशय घेतला."

साहेब माझ्याकडे वळले. "हे नोंदीत नाही."

"आम्हालाही आत्ताच कळतंय साहेब," मी म्हणालो. त्या संध्याकाळी मी बोललेलं हे एकमेव सत्य.

धामणस्करसाहेबांचे डोळे पाणावले. "म्हणजे कुणी विचारला नाही, तो गुन्हासुद्धा हा मुलगा कबूल करतोय! वीस वर्षांच्या नोकरीत मी हे पाहिलं नाही. गुरुजी, ही खरी सुधारणा." त्यांनी खिशातली ऑर्डर काढली, चार तुकडे केले आणि भेटपुस्तकात पाऊण पान अभिप्राय लिहिला. ही प्रथा अन्य संस्थांनीही अनुकरण करण्याजोगी आहे, असं त्याचं शेवटचं वाक्य होतं. सुदैवानं सरकारात अभिप्राय कुणी वाचत नाही.

साडेसहाला जीप गेली. धूळ बसायच्या आत मी सायकल काढली.

पोरं आत नाचत होती आणि मला त्या क्षणी एकच गोष्ट दिसत होती. कागदावर भिवा लोहकरे आत होता. मोजलेला, पाहिलेला, साहेबांनी पाठ थोपटलेला. जो मुलगा कागदावर आत आहे, त्याला शोधायला कुणी बाहेर जात नाही. मी एका शब्दात त्याला इतका मोकळा केला होता, की तो दोनदा पळूनही तितका मोकळा झाला नव्हता.

स्टँडवर विचारलं. कुणी पाहिलं नाही. पेठेत मास्तरांना गाठलं, तर ते दुकानाला कुलूप लावून निघाले होते.

"आमचा पोरगा बाहेर आला नाही अजून," ते म्हणाले. "तुमचा?"

"माझा मी हाकलून दिला, मास्तर."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बारावा. आणू. मी सकाळच्या गाडीनं जांभळेवाडीला जातो." पण त्यांच्या आवाजात नेहमीची खात्री नव्हती. आधीचे अकरा उशिरा राहिले होते. त्यांतल्या एकालाही कुणी 'आमचा नाही' म्हटलं नव्हतं.

मी परत आलो तो अण्णांना सगळं सांगायचं असं ठरवून. त्यांचा विश्वास मोडला तर मोडला. पोरगं त्याहून मोठं होतं. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवली, तर आत पाण्याचा आवाज.

गाईंच्या हौदावर कुणीतरी पाय धूत होतं.

"भिवा!"

"गुर्जी, हळू. गाय बिचकती."

"तू... कधी आलास?"

"मगाशीच. फुडनं ग्येलो आन् मागनं आलो. आज दोनदा उडी मारली. दुसऱ्यांदा उकिरडा चुकिवला." तो पायाला वीट घासत होता. "सायब ग्येला?"

"गेला."

"दार ऱ्हायलं न्हवं? पुढच्या साली निघतंय?"

"निघतंय."

"मग झालं तर."

मी हौदाच्या कठड्यावर बसलो. "भिवा, मघाशी मी जे म्हणालो..."

"त्ये ऱ्हाऊ द्या गुर्जी, पर किती येळ लावला तुमी!" तो खरोखरच रागावला होता. "सायब दोनदा इचारतोय, आन् तुमी आपले माझ्याकडं बघताय. म्हनलं, ह्ये आता खरं बोलत्यात का काय!"

माझं लक्ष त्याच्या बनियनकडे गेलं. मग विचारलं, "सदरा कुठाय तुझा?"

"ताईच्या पोरीला गुंडाळला. लई बारकी हाय. येवढी." त्यानं ओल्या हातांनी माप दाखवलं. "कापडच न्हवतं घरात. म्हणून तर उशीर झाला. सोडंना ती माझं बोट."

जेवणाची घंटा झाली. मी माझा कोट त्याच्या अंगावर घातला आणि आम्ही पंगतीच्या ओसरीवर गेलो. वाढदिवसाचं जेवण होतं. जिलबीचा वास आवारभर पसरला होता. आणि तिथं, भिवाच्या जागेवर, डोळे पुसून, बाह्या सरसावून मुरली बसला होता. जीप गेल्यावर त्याला बाहेर काढायचं माझ्या डोक्यातून पार गेलं होतं आणि जिलबी दिसल्यावर त्याच्याही.

भिवा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू मी हायस का?" भिवानं विचारलं.

"हो," मुरली म्हणाला. "तुझी सायकल मी कबूल नाही केली."

आचारी पत्रावळी मोजत मोजत टोकाला पोचला आणि ओरडला, "अण्णा, एक पान कमी पडतंय! मोजून बासष्ट मांडली होती!"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पंगतीच्या तोंडाशी उभे होते. या वेळी त्यांचं तोंड मुलांकडे होतं. कंदिलाच्या उजेडात त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून सरकत गेली. मुरलीवर थांबली. त्याच्या सदऱ्याच्या इस्त्रीवर थांबली. मग माझ्या कोटात बुडालेल्या भिवावर आली, आणि शेवटी माझ्यावर. मी तोंड उघडलं. त्यांनी हातानंच गप्प राहायला सांगितलं.

"चौसष्ट मांडा," अण्णा आचाऱ्याला म्हणाले.

"चौसष्ट? मला त्रेसष्टच दिसत्यात."

"आणि गुरुजी, तेवढं दार उघडा. माळवदे मास्तर बाहेर उभे असतील. असं झालं की उभे राहतात बिचारे, पोर बाहेर येईपर्यंत थंडीत. आज त्यांना आत बोलवा."